पाकीट

दानाची पिशवी तिसऱ्या बाकापर्यंत आली होती.
माझ्या हातात पाकीट, वर निळ्या पेनाने :
आभारदान, कुमुदिनी केदारी, चरई.
पाळकसाहेबांनी मघाशीच वाचलं होतं ते वचन,
वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं
की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे,
तर दान राहू दे तिथेच. आधी जा.

चाळीस वर्षं ऐकतेय मी हे
आणि चाळीस वर्षं मला उलटंच ऐकू आलं :
माझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे.
त्याची यादी तोंडपाठ होती.
सिव्हिल हॉस्पिटलात आम्ही नर्सेस लिहायचो ना,
ताप, नाडी, लघवी, तारीखवार,
तशी ठेवली होती मी शांतवनची यादी.
आज शब्द नीट लागले.
माझ्या नव्हे. त्याच्या मनात.

आणि त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं.

आईच्या डायलिसिससाठी त्याने रिक्षा विकली,
परमिटसकट.
कुणाला सांगू नकोस ताई, आईला तर नाहीच.
मातीहून परतल्यावर, चहाच्या वेळी,
ऐरोलीच्या मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं,
धाकट्याने काय लावलं गं आईला?
मी बशीत चहा ओतत होते.
ओतत राहिले.
तो दाराशी चपला शोधत होता. एकदाच वर बघितलं त्याने.

त्यानेच तर सांगितलं होतं, सांगू नकोस.
सात वर्षं मी या एका वाक्यावर
डोकं टेकून झोपले.

पाकीट गीतपुस्तकाखाली सरकवलं आणि उठले.
शेजारच्या सत्यवतीबाईंना वाटलं, माझी शुगर उतरली,
त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढली.
ती तोंडात धरूनच रिक्षात बसले.
अब्राहाम तीन दिवस चालला त्या डोंगरापर्यंत,
मला विटाव्याला पंचवीस मिनिटं लागली,
तीही कळव्याच्या पुलावर टेम्पो बंद पडला म्हणून.
खाली खाडी ओसरलेली,
चिखलात एक गादी रुतलेली, कुणाची कोण जाणे.
परत फिरावं असं दोनदा वाटलं.
दुसऱ्यांदा तर मी रिक्षावाल्याला "भाऊ" अशी हाकही मारली,
पुढचं काही सुचलं नाही.

शलोमीने दार उघडलं. तो झोपला होता,
आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो, रात्रपाळीला.
बनियनवर बाहेर आला.
मी उभ्याउभ्याच सांगितलं. बशी, चहा, मावशी, सगळं.
लिमलेटमुळे शब्द बोबडे येत होते.
त्याने मोरीचा गळका नळ घट्ट पिळला,
थेंब थांबेपर्यंत बघत राहिला.
मग म्हणाला,
मला कशाला सांगतेस? मला माहीतच आहे.
ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग.

बस म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.
शलोमीने पाणी दिलं, ते मी प्याले.

वचनात हा भाग नाही.
तिथे माणूस जातो, समेट करतो, परत येऊन दान देतो,
सगळं एका ओळीत.
मध्ये विटावा येत नाही.

चर्चला आले तेव्हा पंखे बंद होते.
आमोस बाकांखालच्या चटया गुंडाळत होता.
बाई, पाकीट राहिलं तुमचं, पिशवीत टाकू का?
नको, म्हटलं. असू दे तिथेच.
पायरीवर बसून फोन काढला
आणि मावशींचा नंबर शोधला.
ऐंशी पार झाल्यात, हल्ली त्यांना ऐकू कमी येतं.
म्हणजे ओरडून सांगावं लागणार,
त्यांच्या घरभर ऐकू जाईल असं.
आणि या पायरीवरही.