परतताना उचल

पपया नर्सरीच्या मागच्या शेडमध्ये
दुसाने मिस्त्रींनी पहिल्या दिवशी
हातात कानस दिलीच नाही, खडू दिला.
दातांत भर, म्हणाले, म्हणजे कीस अडकत नाही.

पुढे जाताना दाब. परतताना उचल.
मी दोन्हीकडे घासायचे, घाईघाईत.
ते पाठमोरेच, नुसत्या आवाजावरून सांगायचे:
रडतेय ती.

नवी कानस आधी पितळेवर चालवायची,
लोखंड नंतर.
एकीवर एक रचायची नाही.
आणि घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही,
कितीही मोह झाला तरी.
मी फिरवलं.
तिथंच कानस घसरली.

आता शेडमध्ये सीएनसी आहे.
मिस्त्री सिडकोत, घरी. उजवा खांदा वर जात नाही.
परवा गेले, तारेचा ब्रश पर्समध्ये टाकून.
त्यांची जुनी अर्धगोल कानस मागून घेतली
आणि दातांच्या तिरक्या ओळीने, ओळीनेच,
काढत राहिले आत बसलेलं.

देशदूतच्या पानावर पडत गेलं
लोखंड, थोडं पितळ, खडूची भुकटी.
काकू म्हणाल्या, टाकू का हे?
थांब, म्हणाले मिस्त्री,
आणि साफ झालेल्या दातांवरून
सावकाश बोट फिरवलं.