रकान्यात न मावलेलं

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी
एक छापील फॉर्म आला हातात.
नाव : सुमती आशीर्वाद रणभिसे. विषय : गणित.
सेवा : एकतीस वर्षे.
खाली बोटभर उंचीचा रकाना –
'शिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट. पन्नास शब्दांत.'

मी लिहिलं, 'सर्वांगीण विकास',
उरलेल्या अठ्ठेचाळीस शब्दांची जागा कोरी ठेवली
आणि सही केली.

इराबत्ती अनसूया, सातवी ब.
गृहपाठ नाही. हात पुढे.
पट्टी मारली तेव्हा तळव्यातून तंबाखूचा वास वर आला.
"रात्री विड्या वळूलालते ओ बाई."
"किती?"
"आईच्या हजारातल्या तीनशे. बारा कट्टे."
पंचवीसनं भागून झालं होतं तिचं, तेलुगूत, ओठांतल्या ओठांत,
मी खडू उचलायच्या आत.
"त्यातल्या वीस-तीस छाट."
"छाट म्हणजे?"
"चेकर बघतो एकेक. सैल असली, पान फाटकं असलं
की बाजूला टाकतो. त्याचे पैसे न्हाईत."

त्या रात्री बासष्ट पेपर तपासायचे होते.
पंखा नुसतीच गरम हवा ढवळत होता.
लाल पेन. डावीकडे गठ्ठा, उजवीकडे गठ्ठा.
कधीतरी अकराच्या सुमारास
मला माझेच हात दिसले.

आमच्या गुरुजींनी
उभ्या आयुष्यात एकदाच काही लिहिल्याचं ऐकलंय,
तेही खाली वाकून, बोटानं, धुळीत.
भोवती दगड घेतलेली माणसं, मध्ये एक बाई.
काय लिहिलं, ते कुणी उतरवून घेतलं नाही.
लहानपणी मी वडिलांच्या मागे लागायचे –
पण लिहिलं काय होतं? उत्तर काय?
ते चर्चची घंटा वाजवायचे.
दोरी खुंटीला गुंडाळत म्हणायचे,
"दगड खाली पडले ना? मग झालं."
मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही.
गणितात असं चालत नाही,
रीत दाखवावी लागते.

खोटं कशाला लिहू, त्यानंतरही पट्टी उचलली मी.
दोनदा. कदाचित तीनदा.
अनसूया आठवीच्या दिवाळीनंतर आलीच नाही.
मी गेले होते तिच्या गल्लीत.
आईनं चहा दिला, सूप बाजूला सारून बसायला जागा केली,
म्हणाली, "पोरगी हुशार हाय, बाई."
ते मला माहीत होतं.
मी चहा पिऊन परत आले.
हजेरीपटात तिच्या नावापुढे महिनाभर फुल्या मारल्या,
मग सरळ एक रेघ.

आज घरी येताना रिक्षा अशोक चौकात अडली.
कारखान्याच्या दारात बायकांची रांग, काखेत टोपल्या,
आणि रांगेतून कुणीतरी "ओ बाई!"
केस पांढरे. बोटं तीच.
उन्हात उभ्या उभ्याच सांगायला लागली,
"आमच्या रांगेत आता जास्तीची छाट काढत न्हाईत.
मी वही ठेवलीय. कुणाच्या किती, कुणाच्या किती,
चेकरसमोर मोजते. मग गप बसतो."
आणि हसली. दात तंबाखूचे.

हे मी शिकवलं, असं म्हणायला आवडलं असतं मला.
भागाकार तिला आधीच येत होता.
मी एका दुपारी पट्टी मध्येच थांबवून
"किती?" एवढं विचारलं होतं,
आणि तेही एक फटका देऊन झाल्यावर.

तिची मुलगी सातवीत आहे म्हणाली.
मागून हॉर्न वाजायला लागले, रिक्षा सुटली,
कुठल्या शाळेत, ते विचारायचं राहिलं.

फॉर्म आता परत मागता येत नाही.
काचेवर धूळ बसलीय बोटभर.
अठ्ठेचाळीस शब्द अजून शिल्लक आहेत माझ्याकडे.