सध्याचा वापर

गोचांगच्या टेकडीखाली, कोबीच्या वाफ्यांत
चारशे सोळावा दगड.
मी टेप लावली. लांबी साडेतीन मीटर,
जाडी माझ्या छातीपर्यंत,
खाली दोन बुटके दगड, वाकडे,
ओझ्यासकट जरा टेकलेल्या माणसाच्या गुडघ्यांसारखे.

वर मिरच्या.
लालभडक, सुरकुतायला लागलेल्या.

"हळू," माल-सुन आजी म्हणाली, "तो झोपलाय."
कोण?
"मला काय ठाऊक. मी सून म्हणून आले
तेव्हाही झोपलेलाच होता.
सासूनं दाखवलं: जमीन ओली राहते, हा लवकर तापतो,
मिरच्या इथं घालायच्या."

फॉर्मवर रकाने होते.
काळ: कांस्ययुग, अंदाजे.
अस्थी: आढळल्या नाहीत.
सध्याचा वापर:

पेन्सिल तिथंच अडली.
दगडाच्या पायथ्याशी एक वाडगं, तळाला चिकटलेला भात.
"आमच्या ह्यांचं," ती म्हणाली.
"होडी पिवळ्या समुद्रात गेली ती गेलीच.
याला नाव नाही, त्यांना जागा नाही.
जमतं दोघांचं."

मग ऊन कलंडलं तशी ओरडली,
"नुसता बघतोस काय? पोतं धर."

आम्ही ओंजळीओंजळीनं मिरच्या भरल्या.
दगड रिकामा झाला तरी गरम होता,
बैलाच्या पाठीसारखा.

रात्री मुक्कामी, कागद आवरताना,
विसरून डोळा चोळला.
तांब्याभर पाणी मारलं, तरी धार थांबेना.

तो रकाना कोराच गेला.