शेजारचं लोखंड

ओकांची फियाट. डुक्कर फियाट म्हणतात तिला,
पाठीला गोल, नाकाला आखूड.
दाभोळच्या बंदरावर माझ्या लेथसमोर आली तेव्हा
पुढच्या बंपरात चार बोटं जातील एवढं भोक होतं.
क्रोमचा पापुद्रा नखाने निघे,
खाली निकेल, त्याखाली तांबं,
त्याखाली नुसती तांबडी भुकटी.
खारा वारा असाच खातो, आतून.
वरून दिसतं तोवर त्याचं जेवण आटपलेलं असतं.

"पुन्हा क्रोम मारायला कोल्हापूर," मी म्हटलं,
"आणि तीन पावसाळ्यांनी परत कोल्हापूर."
सुपारीच्या व्यापाऱ्याला हिशेब लगेच कळतो.
"मग?"
मी भिंतीला टेकवलेला पत्रा दाखवला. तीनशे सोळा.
लाँचीच्या कठड्याला, पंख्याच्या दांड्याला हीच जात लागते,
समुद्र रोज चाटतो आणि उपाशी जातो.

स्टेनलेसला घाई सोसत नाही.
ड्रिल जोरात फिरवलंत तर तो जागच्या जागी ताठरतो,
मग बिट जळतं, त्याला काही होत नाही.
हळू फिरवायचं, पण दाबून. तेल सोडत राहायचं.
मुकादमचाचांनी हे शिकवलं तेव्हा
त्यांच्या घरात मुलीच्या लग्नावरून बोलणं बंद होतं.
ते पत्र्याबद्दलच सांगत होते का,
मी विचारलं नाही.

बावीस दिवस.
वाळूचं पोतं, लाकडी हातोडा,
जुना बंपर शेजारी, त्याचा फुगवटा याच्यात उतरवायचा.
मग बफ. आधी हिरवी वडी, नंतर पांढरी.
नाकात काळं, रुमालात काळं,
बायको म्हणे, भाकरीलाही पॉलिशचा वास.
शेवटी त्यात खाडी दिसली, उलटी,
आणि पलीकडे धोपाव्याचा धक्का.
क्रोमची चमक निळसर, याची किंचित दुधाळ.
जाणकाराला दहा पावलांवरून कळेल.
ओक जाणकार नव्हते. त्यांनी त्यात बघून भांग पाडला.

चुकलो ते बोल्टांत.
"जुने चार चांगले आहेत, तेच लाव," ओक म्हणाले,
कंपनीचे म्हणून, की दीडशे रुपये वाचतील म्हणून.
लावले. लोखंडी, तेलात बुडवून.
मधे नायलॉनची वॉशर घालायची असते. मला माहीत होतं.
शुक्रवार होता, नमाजाची वेळ होत आलेली.
कारण म्हणून नाही सांगत,
त्या वेळी काय चाललं होतं तेवढंच सांगतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऐन गणपतीत,
फेरीबोटीच्या फळीवर गाडी चढताना
बंपर गळून पडला.
घंटेसारखा वाजला म्हणे, रांगेतले सगळे वळले.
गुळगुळीत, कालच बफ केल्यासारखा.
बोल्टांच्या जागी
गाळणीत उरलेल्या चहापावडरीसारखं काहीतरी.

चाचा हसले नाहीत.
"स्टेनलेस गंजत नाही, बरोबर.
पण दोघांमधे खारी ओल असली
की त्याच्या वाटणीचंही शेजारचं लोखंड गंजतं.
शेजारी जेवढा लहान, तेवढा लवकर."

थोरला भाऊ वीस वर्षं मस्कतला आहे.
सुट्टीला आला की सगळे म्हणतात, काही बदलला नाहीस.
मी तेव्हा आत अम्मीच्या गोळ्या मोजत असतो.

ओकांकडून पैसे घेतले नाहीत.
नवे बोल्ट, त्याच जातीचे,
आणि सांगाड्याला जिथे टेकतो तिथे काळं रबर,
बोटाएवढं अंतर, दिसणार नाही असं.

खिडकीच्या पट्ट्यांतला एक तुकडा उरलाय, तीनशे चारचा.
गिऱ्हाईक आलं की चुंबक लावून बघतं.
सपाट भागावरून ते घसरतं.
जिथे मी वाकवला होता, तिथे जरासं थांबतं.
"भेसळ आहे का हो?"
"नाही," मी म्हणतो, "तिथे हातोडा बसलाय."