ओ

आमच्या मंडळीत लांब प्रार्थना म्हटली की माझंच नाव.
शमुवेल भांबळ, खलाशी लाइन, कूलर दुरुस्ती.
रविवारी मी उभा राहतो, डोळे मिटतो
आणि माझ्या तोंडून दुसराच कोणी बोलू लागतो,
'हे परमपवित्र, दयासागर, स्वर्गीय पित्या,
आम्ही धुळीस मिळालेले तुझ्या चरणी…'
त्या माणसाला मी दुकानात कधी पाहिलं नाही.
त्याच्या नखांत ग्रीस नसतं.
त्याला उधारी मागावी लागत नाही.

नवतप्याचा चौथा दिवस. दुपारचे दोन.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
शटर अर्धं ओढून मी मागच्या खोलीत गुडघ्यावर,
सवयीनं म्हणत होतो, 'प्रभू, मला वापर,
तू म्हणशील तिथं…'
तेवढ्यात फोन थरथरला.
निखारेबाई. मोहननगर, तिसरा माळा.
मागच्या उन्हाळ्याचे साडेतीनशे अजून द्यायचेत.
मी फोन पालथा ठेवला
आणि वाक्य तुटलं होतं तिथून जोडलं,
'…तिथं जाईन.'

फोन पुन्हा थरथरला. फरशीवरून सरकत सरकत
माझ्या गुडघ्याला येऊन लागला.

खोटं कशाला सांगू,
आवाज-बिवाज काही ऐकू आला नाही. उजेड पडला नाही.
आई आठवली फक्त,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरच्या दारातून हाक मारणारी,
आणि मी मोरीच्या आडोशाला, हातात भोवरा,
श्वास रोखून.
'ऐकू येते तुले. ओ काहून देऊन नाही राहिला?'
मारायची नाही. तिथंच उभी राहायची,
पदरानं मान पुसत.
उभीच राहायची.

मग डोळे उघडे ठेवून मी म्हणालो,
'बापा, मले नाही जायचं.
ऊन हाये. गुडघा दुखून राहिला. ते बाई पैसे देत नाही.
अन् आत्ता तुले जे म्हणलो, ते खोटं म्हणलो.'
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा
माझी प्रार्थना माझ्या कानाला ओळखीची वाटली.

पाना घेतला, दुपट्टा डोक्याला बांधला, गेलो.
लकवा झालेला सासरा खाटेवर,
छातीवर ओला पंचा. बाई लोट्यानं पाणी शिंपडत होती.
पंप जळला नव्हता.
जाळीच्या तोंडात शेवाळ बसलं होतं.
टाकीत पाणी होतं, वायरीत करंट होता,
वर काही चढत नव्हतं.
बोटानं खरवडून काढलं. हिरवं, बुळबुळीत, वास मारणारं.
वाळा भिजला, पहिला गार झोत आला,
तेव्हा म्हाताऱ्याची एकच पापणी हलली.

मला आनंद झाला म्हणावं, तर गुडघाच ठणकत होता.
'पुढच्या महिन्यात देते जी,' बाई म्हणाली.
'राहू द्या' म्हणालो नाही.
तेवढा मी अजून नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं.
तो दुसरा माणूस घशाशी आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
मी थांबलो. थुंकी गिळली.
'बापा, आम्ही आलो.
काही जण मनातून नाही आले, पण तेही आलेच.
आमेन.'
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.
बाहेर चपला शोधताना जसिंताबाईंनी विचारलं,
'भांबळ, तब्येत बरी आहे ना?'

फोन आता सुलटा ठेवतो.
दरवेळी उचलतोच असं नाही.
पण थरथरला की मोरीच्या आडोशाला बसलेला तो पोरगा आठवतो,
आणि दारात कोणी मान पुसत उभं असेल म्हणून,
तोंडातल्या तोंडात का होईना,
ओ.