डावी बाजू

घणसोलीच्या वॉर्ड ऑफिसात, पाणीपट्टीच्या खिडकीवर
मी अकरा वर्षं बसले.
पावती फाडता फाडता बोलायचे,
कुणाच्या नळाला रात्री दोनला पाणी येतं
ते मला माहीत असायचं.
मग एका मार्चअखेरीला डावीकडची दाढ ठणकली
आणि मी त्या बाजूने जेवणं सोडलं.

नीट सांगायचं तर आधी ब्रश सुटला.
बेसिनपुढे उभी राहायचे,
पेस्टचं झाकण काढायचे, पुन्हा लावायचे.
ब्रश आठवडाभर कोरडा.
कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं,
त्या दोन मिनिटांइतकीसुद्धा
मी मला लागत नव्हते.

पुढचा दात हलला तेव्हा
माझ्याच नावातला द सैल झाला.
दमयंती भोईर म्हणताना वारा सुटायचा.
तोंडावर हात आला तो तिथेच राहिला.
साहेबांनी रेकॉर्ड रूम दिली. मी बरं म्हटलं.
फायली नाक मुरडत नाहीत.
भाचीच्या साखरपुड्याच्या फोटोत मी आहे,
ओठ शिवलेली, मागच्या रांगेत.
हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात;
मी हसणंच काढून ठेवलं,
म्हातारी माणसं कवळी ठेवतात तसं, पेल्यात.

रात्री मात्र दात आपणहून कामाला लागायचे.
नवरा हलवून उठवायचा,
"अगं, काय चावतेस?"
काय सांगू.

टॉवर नव्हते तेव्हा, गावठाणात,
आई उंबऱ्यावर उकिडवी बसून मिसरी लावायची.
शेजारच्या तिघीचौघी, तळहातावर काळी भुकटी,
एक बोट तोंडात,
आणि त्या बोटाच्या कडेकडेने
सासू, सवत, पाळण्यातच गेलेलं मूल,
सगळं बाहेर.
पिंक टाकायच्या, पदर खोचायच्या, उठायच्या.
तंबाखूने तिच्या हिरड्या खाल्ल्या,
पंचावन्नाला तोंडाचं बोळकं झालं,
पण तिची दातखीळ कधी बसली नाही.
माझ्याकडे पुदिन्याची पेस्ट आहे
आणि आतून कडी लागणारं बाथरूम.

कोपरखैरण्याला, झेरॉक्सच्या दुकानावर,
डॉक्टर शगुफ्ता मुकादम.
खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला.
तिने आरसा फिरवला, बराच वेळ काही बोलली नाही.
मी ओरडा खायची तयारी केली.
"रात्री दात खाता?"
मान हलवली.
"झोप लागते?"
तोंडात कापूस, नळी, तिची दोन बोटं.
मला उत्तर देता येत नव्हतं,
म्हणूनच बहुधा देता आलं.
आ वासून रडणं काय असतं ते त्या खुर्चीतच कळतं:
ओठ मिटत नाहीत, हात पोचत नाही,
नळी आपली जे येईल ते ओढत राहते.
तिने मशीन बंद केलं. म्हणाली,
"घाई नाही. पुढचा पेशंट
खाली चहाला गेलाय."

रूट कॅनल, दोन कॅप, चार हप्ते,
आणि पाठकोऱ्या कागदावर आणखी एका डॉक्टरचा नंबर,
मनाच्या.
तो मी सहा आठवडे पर्समध्ये फिरवला.
मग लावला.

सगळं ठीक झालं असं नाही.
हात अजून उठतो, तोंडापर्यंत येतो
आणि केसांकडे वळतो,
जणू तिकडेच निघाला होता.
काही सकाळी ब्रश कोरडाच असतो.
पण काल ऑफिससमोरच्या गाडीवर पेरू घेतला,
कच्चा, तिखटमीठ लावून,
आणि डाव्या बाजूने चावला.
कर्रकन आवाज झाला.
शिपाई दचकून बघायला लागला.

एक बी अडकलीय अजून, अगदी मागे.
जीभ सारखी तिथे जाते.
जाऊ दे.