पाणी लागलं

रात्री दोन चाळीसला आर्ची टेल्फरचा फोन.
इंग्रजीतच बोलला तो, पण झोपेत मला ऐकू आलं
ते मराठीत : पाणी लागलं.
आणि एक क्षण, एकच, मला आनंद झाला.

आमच्या घरी या दोन शब्दांवर पेढे यायचे.
अप्पा पाणाड्याचं काम करायचे.
उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून
परक्यांच्या रानांतून अनवाणी फिरायचे.
काठी वाकली की टाचेनं खूण.
बिदागी पाणी लागल्यावर. नाही लागलं,
तर त्या गावचा रस्ता आम्ही वर्षभर चुकवायचो,
तिथं सोयरीक असली तरी.

इथं बर्नेसला, चेविअटच्या डोंगराखाली,
याच शब्दांवर भोंगा वाजतो.
यंत्र थांबतं. एका तासाच्या खोळंब्याचे किती पौंड
हे सांगणारा माणूस वेगळा पगार घेतो.
बूट, हेल्मेट, मग छोट्या गाडीतून
सहा किलोमीटर आत.

मनगटाएवढी धार. गढूळ नाही.
कातळाच्या शिवणीतून निवांत येत होती,
आम्ही तिच्या वाटेत उभे.

शेजारच्या भिंतीवर माझीच लाल रेघ :
इकडे इंग्लंड, तिकडे स्कॉटलंड.
वकिलांना हवी होती म्हणून गेल्या महिन्यात मारली,
वर माथ्यावरच्या तारेच्या कुंपणाशी ओळंबा जुळवून,
जिथं तारेला लोकर अडकलेली असते
आणि पाऊस दोन देशांत वाटला जातो.
धार रेघेच्या नऊ मीटर पलीकडची,
गटाराचा उतार अलीकडे.
सकाळपर्यंत सतरा ईमेल : पाणी कुणाचं, पंप कुणाचा.
एका तक्त्यात 'उगम' हा रकाना कोरा.

दुपारी मेरिअल हेडली आली. चिखलाचे बूट,
हातात किटली. माझ्या नकाशावर तिनं ती
उलटी धरली. काही सांडलं नाही.
डोंगरावरचा तिचा झरा
तिच्या सासऱ्यांच्या आठवणीतही कधी आटला नव्हता.
टँकर पाठवते, मी म्हणाले.
मेंढ्यांना, ती म्हणाली, टँकर आवडत नाही.

पुरावा लागतो. म्हणून टँकरच्याच पाण्यात
हिरवा रंग कालवून झऱ्याच्या कोरड्या तोंडात ओतला
आणि खाली येऊन बसले.
खुर्ची, थर्मास, घड्याळ.
पुढे कधीतरी इथून गाडी जाईल,
तीनशेच्या वेगानं. खिडकीला चार मिनिटं काळोख,
कुणी फोनवरून मानही वर करणार नाही.

एक्केचाळिसाव्या तासाला धार हिरवी झाली.
आर्चीनं टोपी काढली. का, ते मी विचारलं नाही.
वेळ लिहिली.

रविवारी घरी फोन. अप्पांना आता कमी ऐकू येतं.
काम काय म्हणतंय?
पाणी लागलं, अप्पा.
तिकडे थोडा वेळ काहीच नाही. मग केवढ्यानं तरी :
किती हातांवर?
सहाशे.
सहाशे! त्यांनी कुणाला तरी ओरडून सांगितलं,
बहुतेक शेजारच्यांना.
पेढे वाटलेस का? आणि गोड आहे ना गं? चाखलंस?

गोड आहे, म्हणाले मी.
चाखणार कशी. रंग होता त्यात.